भाईच्या घरची सोयरीक

रविवारची दुपार होती. जेवणे उरकली होती. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत घरची-शेजारची मिळून नऊ माणसे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर 'वेलकम' चालू होता. हा चित्रपट आमच्या घरात किती वेळा पाहिला गेला, याची गणती नाही. तरी मजनूभाईचे ते घोड्यावर चढलेल्या गाढवाचे चित्र आले की सगळे हसतात. नाना पाटेकरांचा उदय शेट्टी रागाने फणफणला की पोरे त्याची नक्कल करतात. आम्हीही हसलो. खोटे कशाला बोला!

मध्येच जाहिरात लागली. नववीत शिकणारा आमचा पुतण्या शेजारच्या पोराला टाळी देत म्हणाला, "आपल्याला पण अशीच भाईची बहीण पाहिजे. लाइफ सेट!"

पुन्हा हशा पिकला. हसले नाहीत ते फक्त शेजारचे आबा. गिरणीत साच्यावर हयात घालवलेला माणूस. ते काही बोलले नाहीत. उठले, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आबा का उठले, ते आम्हाला ठाऊक होते. ते शेवटी सांगू. आधी त्या हशाविषयी बोलू.

गुंडांच्या टोळीत सोयरीक जुळते आणि त्यातून गमतीजमती होतात, ही काही 'वेलकम'ची स्वतःची कल्पना नव्हे. २००७ साली आलेल्या या हिंदी चित्रपटाच्या आठ वर्षे आधी, १९९९ साली, 'मिकी ब्लू आइज' नावाचा एक इंग्रजी चित्रपट आला होता. त्याचा नायक लिलाव पुकारणारा, 'वेलकम'चा नायकही लिलाव पुकारणारा. तिथे टोळीतला एक जण भयंकर चित्रे रंगवतो, इथे मजनूभाई रंगवतो. तिथे सरळमार्गी माणूस गुंडाच्या घरचा जावई होऊ पाहतो, इथेही तेच. म्हणून आम्ही ठरवले की हे मूळ एकदा पाहूच. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने मोबाइलवर तो चित्रपट लावून दिला आणि रात्री सगळी निजल्यावर आम्ही दोघांनी तो पाहिला. पाहून झाल्यावर आम्ही निराश झालो. आज त्या निराशेविषयीच लिहायचे आहे. कारण तो चित्रपट नुसता फसलेला नाही. त्याने एक खरी गोष्ट हाती धरली आणि मग ती सोडून दिली.

गोष्ट अशी आहे. मायकेल फेलगेट हा न्यूयॉर्कमध्ये राहणारा इंग्रज माणूस. एका प्रतिष्ठित लिलावघरात चित्रे विकण्याचे काम करतो. बोलणे अदबीचे, चालणे बुजरे. ही भूमिका ह्यू ग्रँट या नटाने केली आहे. मायकेलचे प्रेम जडते जीना व्हिटाले या शाळेतल्या शिक्षिकेवर. एका चिनी खानावळीत जेवणानंतर चिठ्ठीची बिस्किटे देतात. त्यातल्या एका बिस्किटात तो लग्नाची मागणी लपवतो. जीना चिठ्ठी वाचते आणि होकार द्यायचा सोडून रडत निघून जाते.

का? तर तिचे वडील फ्रँक हे माफिया टोळीतले आहेत. मोठा बॉस व्हिटो याला घरातलाच मानतात. जीनाला ठाऊक आहे की या घरात जो जावई म्हणून येईल, त्याला हे लोक आपल्यात ओढून घेणार. आज एक छोटे काम करून देतील, उद्या एक छोटे काम मागतील. मायकेलवर तिचे प्रेम आहे, म्हणूनच ती नाही म्हणते.

वाचकहो, इथे आम्ही सावरून बसलो. केवढी खरी गोष्ट आहे ही! आपल्याच बापाच्या प्रेमळपणाची किंमत जिला कळली आहे, अशी एक शिकलेली, कमावती मुलगी. बाप तिच्यावर जीव टाकतो आणि तिला त्याच जिवाची भीती वाटते. या एका प्रसंगावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. हसूही आले असते आणि काळजातही काही हलले असते.

पण पुढे काय होते? मायकेल तिला वचन देतो की, मी तुझ्या घरच्यांचे काहीही घेणार नाही. आणि थोड्याच वेळात तो घेतो. मग त्याची परतफेड सुरू होते. बॉसचा मुलगा जॉनी चित्रे काढतो, ती चित्रे मायकेलच्या लिलावघरात विकायला येतात आणि त्या विक्रीतून टोळीचा काळा पैसा पांढरा होतो. अमेरिकेचे केंद्रीय पोलीस, म्हणजे एफबीआयवाले, मागे लागतात. मायकेल जीनाशी खोटे बोलू लागतो. एका झटापटीत गोळी सुटते आणि जॉनी मरतो. मग सासरा आणि होणारा जावई मिळून रात्री प्रेत पुरायला जातात. तिथे दुसरे गुंड गाठतात, तेव्हा सासरा जावयाची ओळख कॅन्सस सिटीचा नामचीन गुंड 'मिकी ब्लू आइज' अशी करून देतो. बिचाऱ्या मायकेलला त्या गुंडांसारखे घोगऱ्या आवाजात बोलावे लागते आणि ते त्याला काही केल्या जमत नाही. हा प्रसंग मात्र खरोखर हसवतो. इंग्रज साहेबाच्या तोंडी न्यूयॉर्कच्या गल्लीची भाषा! आपल्याकडे पुण्याच्या शास्त्रीबुवाला धारावीची बोली बोलायला लावावी, तसे ते वाटते.

पण एक प्रसंग म्हणजे चित्रपट नव्हे. शेवटी लग्नसमारंभात खोट्या गोळ्या, खोटे रक्त, धावपळ, गोंधळ आणि सारे गोड. ज्या जीनाने सुरुवातीला एवढे खरे बोलून ठेवले, ती मध्यंतरानंतर केवळ रुसण्यापुरती आणि घाबरण्यापुरती उरते. तिच्या शाळेचे काय, तिच्या मनाचे काय, बापाच्या पैशावर आपण वाढलो हे तिला कसे वाटते, यातले काही म्हणता काही नाही.

नटांचा दोष फारसा नाही. ह्यू ग्रँट हा १९९४ च्या 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' या चित्रपटापासून जगभर नावाजलेला. फ्रँकची भूमिका करणारे जेम्स कान म्हणजे १९७२ च्या 'द गॉडफादर'मधला संतापी थोरला मुलगा सनी. माफियाच्या चित्रपटांचे सर्वात मोठे नाव ज्या चित्रपटाचे, त्यातलाच माणूस इथे विनोदासाठी आणला. जीनाची भूमिका जीन ट्रिपलहॉर्न यांनी केली आहे. एवढी मंडळी हाताशी असून दिग्दर्शक केली मेकिन यांनी त्यांना धावायला आणि ओरडायला लावले. त्याच १९९९ साली 'अ‍ॅनालाइज धिस' हा चित्रपट आला होता. त्यात मानसिक त्रासाने पिचलेला एक माफिया बॉस डॉक्टरकडे जातो. तोही विनोदीच होता, पण त्यात गुंडाच्या मनातली भीती तरी दिसली. 'मिकी'मध्ये तेवढेही नाही.

आमची मुख्य तक्रार मात्र याहून वेगळी आहे. अख्खा चित्रपट संपला तरी एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. या लोकांचे पोट कशावर चालते? हॉटेलात ताटे भरलेली आहेत, अंगात कोट आहेत, दारात गाड्या आहेत. हा पैसा आला कुठून? कुणाच्या खिशातून?

त्याचे उत्तर न्यूयॉर्कच्याच इतिहासात आहे आणि आपल्यासारख्या कष्टकरी माणसांनी ते जरूर माहीत करून घ्यावे.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात कपडे शिवण्याचा फार मोठा धंदा होता. कापड बेतायचे एका ठिकाणी, शिवायचे दुसऱ्या ठिकाणी आणि विकायचे तिसऱ्या ठिकाणी. त्यामुळे माल सतत ट्रकने हलवावा लागे. हे ट्रक अनेक वर्षे माफियाच्या ताब्यात होते. शिलाईचा छोटा कारखाना काढणाऱ्याला एक ठरावीक ट्रकवाला नेमून दिला जाई. तो बदलायची सोय नाही. दुसरा कुणी स्वस्तात माल नेतो म्हणाला, तरी त्याची हिंमत होत नसे. या प्रकाराला त्या धंद्यातले लोक काय म्हणत, ठाऊक आहे? 'मॅरेज', म्हणजे लग्न! कारखान्याचे ट्रकवाल्याशी लग्न लागले म्हणत. फक्त या लग्नात नकार देण्याचा अधिकार नव्हता आणि काडीमोडही नव्हता.

आता सांगा, माफियावर लग्नाचा विनोदी चित्रपट काढायचा तर याहून चांगला विषय मिळाला असता का?

या कारखान्यांत शिवणारे हात कुणाचे होते? बहुतांश परदेशातून आलेल्या बायांचे. चायनाटाऊनच्या कारखान्यांत चिनी बाया मशिनवर बसत आणि नगावर मजुरी घेत. किती नग उतरले त्यावर किती पैसे, हा हिशेब आपल्याकडच्या शिवणकाम करणाऱ्या बहिणींना समजावून सांगायला नको. ट्रकवाल्याने जो जादा दर लावला, तो कारखानदार स्वतःच्या घरून थोडाच भरणार? तो नगाच्या भावातूनच निघणार. १९८२ च्या जूनमध्ये या चिनी बायांनी चांगल्या कराराच्या मागणीसाठी काम बंद केले आणि सुमारे २०,००० जणी रस्त्यावर उतरल्या. ज्यांना लोक मुक्या समजत होते, त्या बोलल्या, आणि मालकांना करार करावा लागला.

पुढे न्यूयॉर्कच्या तपास यंत्रणेने एक युक्ती केली. पोलिसांनी स्वतःच चायनाटाऊनमध्ये कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना थाटला आणि ट्रकवाल्यांची सक्ती कशी चालते, ते आतून पाहिले. खटला उभा राहिला. १९९२ साली थॉमस गॅम्बिनो, म्हणजे माफियाचा जुना बॉस कार्लो गॅम्बिनो याचा मुलगा, आणि त्याचा भाऊ यांनी गुन्हा कबूल केला. १ कोटी २० लाख डॉलर दंड भरून शिलाईच्या मालाची ट्रक वाहतूक सोडून देण्याचे त्यांनी मान्य केले. त्या खटल्यात त्यांचा तुरुंग टळला. नगावर शिवणाऱ्या बायांचे वर्षानुवर्षे जे गेले, ते गेलेच.

हे एकट्या शिलाईच्या धंद्याचे नव्हते. इमारती बांधायला काँक्रीट लागते. २० लाख डॉलरवरचे काँक्रीटचे कंत्राट कुणाला मिळणार, ते माफिया ठरवी आणि त्यावर २ टक्के हप्ता घेई. टोळ्यांच्या प्रमुखांवर खटला चालून १९ नोव्हेंबर १९८६ रोजी ते दोषी ठरले, तेव्हा हा सारा हिशेब कोर्टात उघड झाला होता. दुकानांचा कचरा उचलण्याचा धंदाही असाच वाटून घेतलेला. १९९० नंतर बाहेरची एक मोठी कंपनी या धंद्यात उतरू लागली, तर तिच्या एका अधिकाऱ्याच्या घरासमोर कुत्र्याचे कापलेले मुंडके सापडले. सोबत चिठ्ठी होती, 'वेलकम टू न्यूयॉर्क'!

'वेलकम' या शब्दाचा हा खरा अर्थ. १९९५-९६ मध्ये सरकारने खटले भरले, कचऱ्याच्या धंद्यावर देखरेख करणारी यंत्रणा बसवली आणि दुकानदारांना पडणारे दर बरेच खाली आले. म्हणजे इतकी वर्षे तेवढा पैसा लोकांच्या खिशातून जात होता. जीनाच्या बापाच्या हॉटेलातले ताट याच पैशाने भरले असणार. पण चित्रपटात ना शिवणारी बाई दिसते, ना कचरा उचलणारा गडी.

कुणी म्हणेल, विनोदी चित्रपटाकडून एवढी अपेक्षा कशाला? चार घटका करमणूक झाली की पुरे. आम्हाला हे मान्य नाही, कारण हेच काम चांगले करून दाखवलेले उदाहरण आमच्यासमोर आहे. १९८८ साली जोनाथन डेमी या दिग्दर्शकाने 'मॅरिड टू द मॉब' नावाचा चित्रपट काढला. तोही विनोदी, तोही प्रेमाचा, तोही माफियाचा. त्याची नायिका अँजेला ही एका गुंडाची बायको आहे. ही भूमिका मिशेल फायफर यांनी केली आहे. आपल्या घरातली प्रत्येक वस्तू चोरीची आहे, ही बोच तिला नवरा जिवंत असतानाच लागलेली असते. पुढे बॉस नवऱ्याला मारतो आणि मग तिच्याच मागे लागतो. तेव्हा ती बंगला, सामान, सारे सोडून देते. पोराला घेऊन शहरातल्या गरीब वस्तीत भाड्याच्या खोलीत राहायला जाते आणि काम शोधू लागते. एका कृष्णवर्णीय बाईच्या केस कापण्याच्या दुकानात तिला काम मिळते. तिथून पुढे तिच्या आयुष्यात प्रेम येते.

पाहा, किती साधी गोष्ट आहे! सोडायचे, खोली घ्यायची, काम करायचे. चित्रपट शेवटपर्यंत हसवतो, पण गुंडगिरीच्या पैशाला बाई किती कंटाळते, तेही दाखवतो. तिथे बाई निर्णय घेते. 'मिकी'मध्ये बाई निर्णय घेते आणि चित्रपट तो पुसून टाकतो. हा फरक आहे.

आणखी एक बाजू आहे, ती आपल्याला लवकर कळेल. अमेरिकेतले इटालियन लोक हे मोठ्या संख्येने मजूर, गवंडी, शिंपी, गोदी कामगार म्हणून त्या देशात आले. त्यांच्यातले मूठभर गुंड झाले. पण चित्रपटांनी एवढे गुंड दाखवले की इटालियन आडनाव ऐकले की लोकांनी हसून डोळा मिचकवावा, अशी वेळ आली. एका अख्ख्या समाजावर शिक्का बसणे म्हणजे काय, वस्तीचे नाव सांगितल्यावर नोकरी देणाऱ्याचा चेहरा कसा बदलतो, हे आमच्या वाचकांना अनुभवाने माहीत आहे. इटालियन लोकांनी याविरुद्ध आवाज उठवला. पण १९७० साली जी संघटना पुढे आली, तिचा पुढारी जोसेफ कोलंबो हा स्वतःच माफियाचा बॉस होता! समाजाच्या खऱ्या दुखण्यावरही टोळीनेच कब्जा केला. २८ जून १९७१ रोजी त्याच संघटनेच्या मेळाव्यात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो लुळा होऊन पडला आणि १९७८ साली वारला. समाजाच्या नावाने जो पुढे येतो, तो कुणाच्या पैशाने येतो, हे तपासून घ्यावे, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता परत आपल्या टीव्हीकडे वळू. 'वेलकम' हा 'मिकी'पेक्षा जास्त हसवतो, हे आम्ही कबूल करतो. अनीस बज्मी यांना गर्दी हाकता येते. नाना पाटेकर, अनिल कपूर, परेश रावल ही माणसे नुसती उभी राहिली तरी हसू फुटते. पण त्यातही कथेची गोम तीच आहे. गुंड भावांना बहिणीसाठी 'शरीफ खानदान' हवे आहे. म्हणजे शराफत काय असते ते त्यांना चांगले ठाऊक आहे, ती फक्त विकत किंवा धमकावून आणायची आहे. आणि कतरिना कैफ यांनी केलेली ती बहीण? तिला त्या जीनाएवढेही बोलायला मिळत नाही.

त्यात फिरोज खान यांनी केलेल्या सर्वात मोठ्या डॉनचे नाव काय आहे, आठवते? आरडीएक्स. नाव ऐकले की थिएटरात हशा पिकायचा. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत याच आरडीएक्सने एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. शेअर बाजारापासून सेंच्युरी बाजारापर्यंत रस्त्यावर मेले ते कारकून, हमाल, फेरीवाले, बसमधले उतारू. चौदा वर्षांनी तेच नाव विनोदाचे झाले. आम्हीही हसलो होतो. त्या रात्री ते आठवले आणि स्वतःचीच लाज वाटली.

आता आबांविषयी.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, गिरण्या मात्र मिटत गेल्या. चुली थंडावल्या. भांडीकुंडी विकली गेली. कुणी गावी गेले, कुणी भाजीची पाटी घेतली. आणि त्या दिवसांत गल्लीत काही माणसे फार प्रेमाने वागू लागली. कुणाच्या आईला इस्पितळात न्यायला टॅक्सी, कुणाच्या घरी तांदळाचे पोते, कुणाच्या पोराची फी. मागितले काहीच नाही. फक्त नाव लक्षात ठेवले.

आबांचा धाकटा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. घरात आईचे आजारपण होते. औषधाचे पैसे असेच कुणीतरी दिले. काही महिन्यांनी त्याच माणसाने निरोप धाडला, "एक पिशवी अमुक ठिकाणी पोचव." पिशवीत काय आहे, ते विचारायचे नाही. मग दुसरी पिशवी. मग एक दिवस पिशवी नव्हती, काम वेगळे होते. तो भाऊ पंचविशी ओलांडली नाही. कुणाच्या गोळीने गेला, ते आजवर आबांना कळलेले नाही. त्याच्या अंत्ययात्रेला ते प्रेमळ लोक आले नव्हते.

म्हणून आबा त्या विनोदावर हसत नाहीत. जीना त्या चिनी खानावळीतून रडत का निघून गेली, हे आमच्यापेक्षा आबांना लवकर कळले असते. टोळीचा पहिला फास हा धमकीचा नसतो, उपकाराचा असतो. पिस्तूल दाखवले तर माणूस सावध होतो. औषधाचे पैसे पुढे केले तर तो हात जोडतो. आणि ज्याच्या घरात औषधाला पैसे नसतात, त्यालाच हात जोडावे लागतात. म्हणून हा फास गरिबाच्या घरी लवकर बसतो.

ज्या टोळ्या गिरणगावात वाढल्या, त्यांनी शेवटी कुणाला वाचवले? ७ मे १९९४ रोजी खटाव गिरणीचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. दत्ता सामंतांना पवईत गोळ्या घालून मारले. मालकही गेला आणि कामगारांचा पुढारीही गेला. १९९९ साली, म्हणजे 'मिकी' आला त्याच वर्षी, महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का कायदा केला. गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. आबांसारख्यांची मुले तिथे पहारेकरी म्हणून उभी राहतात.

मग काय करायचे? 'वेलकम' बंद करायचा? मुळीच नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला हसण्याचा हक्क आहे आणि तो आम्ही कुणाला हिरावू देणार नाही. शिवाय बंदी घातली की पोरे तेच लपून पाहतात. आज त्यांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर भाई लोकांच्या गाड्या, सोन्याच्या साखळ्या, वाढदिवसाचे केक तलवारीने कापण्याचे व्हिडिओ गाणी लावून फिरत असतात. ते पाहण्यापेक्षा घरच्यांबरोबर बसून 'वेलकम' पाहिलेला शंभर पटींनी बरा.

पण पाहताना आपण मोठ्यांनी शेजारी बसावे आणि चित्रपट संपल्यावर एक-दोन गोष्टी सहज विचाराव्यात. यांचा धंदा काय दाखवला? यांच्याकडे पैसा येतो कुठून? यांच्या घरातली बाई काय म्हणते, की तिला काही म्हणूच दिले नाही? सोयरीक जमवताना आपण मुलगा काय काम करतो ते विचारतोच ना! मग पडद्यावरच्या सोयऱ्यालाही ते विचारायला काय हरकत आहे?

आणि घरात अडचण आली तर ती घरात बोलावी, नातेवाइकांत बोलावी, महिला मंडळाच्या बचत गटात बोलावी, कामाच्या ठिकाणी संघटना असेल तर तिथे बोलावी. तिथून घेतलेल्या पैशाचे व्याज वहीत लिहिलेले असते. ते दिसते आणि कधीतरी फिटते. भाईने फुकट दिलेल्या पैशाला वही नसते.

आम्ही हे सगळे पुतण्याला सांगायला गेलो, तेव्हा तो नेहमीप्रमाणे मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. भाषण ऐकायची त्याची तयारी नव्हती आणि त्याच्या वयात आमचीही नसे. मग आम्ही म्हणालो, "जा, गॅलरीत आबा बसलेत. त्यांना विचार, त्यांच्या भावाचा फोटो भिंतीवर का नाही."

तो गेला. बराच वेळ आला नाही. शेवटी आम्ही दारातून डोकावून पाहिले. आबा हळू आवाजात बोलत होते आणि तो त्यांच्या पायाशी बसून ऐकत होता. मोबाइल शेजारी उपडा पडला होता.